सब्जा म्हणून खपवलेला चिया

मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. सव्वीस वर्षं फळ्यावर घेवड्याचं बी काढून त्याचे भाग दाखवते आहे. अशा बाईने घरी येऊन एका बीबद्दल चार महिने धडधडीत खोटं बोलावं, हे काही शोभत नाही. पण मी बोलले. सासूशी बोलले, सोमवारी बोलले, तेही देवघराच्या दारात उभी राहून. परत तशी वेळ आली तर परत बोलेन, फक्त जरा अभ्यास करून बोलेन.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आमच्या आत्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, कन्नड बोलणारं. सोलापुरात येऊन त्यांना साठ वर्षं झाली, तरी राग आला की कन्नड, लाड आला की कन्नड, आणि उरलेल्या वेळात अस्सल सोलापुरी. वय अठ्ठ्याहत्तर. रक्तात साखर. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचा राहिलेला. आणि महिन्याला आठ उपवास. चार सोमवार, दोन एकादशा, एक संकष्टी. आठवा कशाचा, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "असतोय एक."

उपवास म्हणजे उपाशी राहायचं असा गैरसमज आमच्या घरात कधीच नव्हता. सकाळी साबुदाण्याची खिचडी, तिच्यावर बटाट्याचा कीस, दुपारी रताळ्याचे काप, संध्याकाळी भगर आणि दाण्याची आमटी. एरवी अर्ध्या भाकरीवर ताट सारणाऱ्या आत्या उपवासाच्या दिवशी मात्र दोनदा वाढून घेत. माझा नवरा कॅलेंडरात आईचा उपवास बघून मगच त्या दिवशी डबा न्यायचा की नाही ते ठरवत असे. मी स्वतः एकही उपवास करत नाही. भूक मला सोसत नाही, आणि न सोसणारी गोष्ट मी पुण्यासाठीही करत नाही. लग्न ठरतानाच हे सांगून टाकलं होतं. आत्यांनी तेव्हा "बरं" एवढंच म्हटलं होतं.

मग साखर वाढली आणि डॉक्टरांनी साबुदाणा बंद केला, बटाटा बंद केला, रताळंही बंद केलं. आम्हाला वाटलं, आता उपवास आपोआप कमी होतील. झालं उलटंच. आत्यांनी डॉक्टरांचा शब्द तंतोतंत पाळला. साबुदाणा नाही, बटाटा नाही, मग काहीच नाही. साखरेची गोळी घ्यायची आणि दिवसभर पाणी पिऊन राहायचं. आम्ही आरडाओरडा केला की म्हणायच्या, "त्यांनीच तर बंद कर म्हणाले की."

मार्चमधल्या एका सोमवारी त्या स्वयंपाकघरात पडल्या. मी कॉलेजात निघाले होते, चप्पल पायात सरकवत होते. धप्प असा आवाज आला. जाऊन बघते तर आत्या ओट्याखाली, कपाळाला कडप्प्याची कड लागलेली, आणि चेहरा घामाने भिजलेला. साखर इतकी उतरली होती की त्यांना माझं नाव सांगता येईना. मी पुष्कळदा आत्यांवर वैतागले आहे, पण त्यांच्या तोंडात साखर कोंबताना मी अर्धी त्यांच्या मानेवर सांडली.

कपाळाला चार टाके पडले. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "या वेळी कपाळावर निभावलं. पुढच्या वेळी खुबा मोडेल, आणि या वयात खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतं. एक तर त्यांना उपवासाला नीट खायला घाला, नाहीतर उपवास सोडायला लावा." रिक्षात बसल्यावर आत्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "डॉक्टर बदला."

घरी येऊन आमची बैठक बसली. बैठक म्हणजे मी आणि नवरा. नवऱ्याची भूमिका अशी, की आईला सांगणं त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, तेव्हा ते मी बघावं. गेली तीस वर्षं त्याची सगळ्या विषयांवर हीच भूमिका आहे. मी आत्यांकडे गेले आणि साळसूदपणे म्हटलं, "आत्या, सोमवार सोडा ना आता. देवाला कळतंय."

"देवाला कळतंय," त्या म्हणाल्या. "पण मला करमत न्हाय त्येचं काय?"

एवढं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्या दिवशी मला कळलं, की हा हट्ट नव्हे. सोमवार काढून घेतला तर या बाईच्या आठवड्याला मग धरायला काही राहत नाही. त्यांचा उपवासही राहायला हवा होता आणि खुबाही.

आमची मुलगी पुण्यात नोकरी करते. तिला फोनवर हे सगळं सांगितलं तर तिने कुरिअरने चियाचं पाकीट पाठवलं. सोबत मोबाइलवर एक फोटो. काचेच्या उंच ग्लासात थर लावलेले, खाली पिवळा, वर पांढरा, मग गुलाबी, मग परत पांढरा. ती म्हणाली, "आई, दुधात चिया भिजवायचा, चार-पाच तासांनी खिरीसारखा घट्ट होतो. साखर घालायची नाही. मध्ये फळांच्या गराचे थर द्यायचे. आजीला पोटभर होईल आणि साखर उड्या मारणार नाही. फक्त गोड फळ बेताने घाल." डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, उत्तम.

आता प्रश्न एकच होता. उपवासाला चिया चालतो का?

पहिल्या सोमवारी मी सरळ मार्गाने गेले. पाकीट फोडून चमचाभर बिया आत्यांच्या तळहातावर ठेवल्या.

"हे काय हाय?"

"चिया."

"कुटलं हाय?"

"मेक्सिकोकडचं."

"ब्याड," आत्या म्हणाल्या. म्हणजे नको. आणि हात झटकून टाकला.

मग मी वर्गात उभी राहते तशी उभी राहिले. म्हटलं, आत्या, बटाटा कुठला? अमेरिकेकडचा. मिरची कुठली? तिकडचीच. शेंगदाणा, रताळं, ज्याचा साबुदाणा करतात तो कंद, सगळे जहाजातून आलेले पाहुणे. त्यांना तुम्ही उपवासाला पाटावर बसवता आणि त्यांच्याच गावच्या चियाला उंबऱ्यात अडवता, हा कुठला न्याय? मला वाटलं, आता काय बोलतील.

आत्या शांतपणे म्हणाल्या, "असतील की तितले. पण मी लगीन करून आले तवा बटाटा चालतोय म्हणून सांगायला माझी सासू हुती. तिला तिच्या सासूनं सांगितलं. ह्येला कोण चालतोय म्हणालंय?"

"कोणीतरी मोठ्यांनी म्हणायला पाहिजे, असं का?"

"व्हय."

"मग तुम्हीच म्हणा की. घरात तुमच्याहून मोठं कोण आहे?"

यावर त्या म्हणाल्या, "तेच तर. कुणाला इचारू आता?" आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तो सोमवार मी रजा टाकून त्यांच्या मागे मागे फिरण्यात काढला. त्या न्हाणीघरात गेल्या तरी मी दाराबाहेर उभी.

पुढच्या रविवारी मी पापाचं पाऊल उचललं. चियाचं पाकीट स्टीलच्या डब्यात रिकामं केलं, पाकीट शेजारच्या बोळातल्या कचरापेटीत नेऊन टाकलं, आणि सोमवारी सकाळी देवघराच्या दारात जाऊन म्हटलं, "आत्या, तो चिया दिला परत पाठवून. हा सब्जा आणलाय."

सब्जा आत्यांना ठाऊक होता. उन्हाळ्यात फालुद्यात असतो, तुळशीच्या जातीचा असतो, थंड असतो आणि उपवासाला चालतो. चालतो म्हणून सांगणाऱ्या सगळ्या बायका आता वारलेल्या आहेत, पण सांगून वारल्या आहेत, हे महत्त्वाचं. माझ्या मनाची मी अशी समजूत घातली, की चियासुद्धा तुळशीच्याच कुळातला आहे. हे पुस्तकात आहे, परीक्षेत विचारलं तर याला गुण मिळतात. म्हणजे मी फक्त चुलत भावाला सख्खा म्हटलं. राहता राहिला रंगाचा प्रश्न. सब्जा काळाकुळकुळीत असतो आणि चिया राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा. त्यासाठी मी आत्यांच्या न काढलेल्या मोतीबिंदूवर भिस्त ठेवली आणि डबा मुद्दाम त्या बाजूने पुढे केला.

आत्यांनी डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत डब्यात पाहिलं. "सब्जा व्हय? मग चालतंय की," म्हणाल्या.

मी इतकी खूश झाले, की चिया ढवळायचं विसरले. तो एकदा घालून भागत नाही, दहा मिनिटांनी परत ढवळावा लागतो, नाहीतर गोळे होतात. गोळे झाले. आत्यांनी चमचा वर धरला, त्यावरचा लिबलिबीत गोळा न्याहाळला आणि म्हणाल्या, "उपासाला बेडकाची अंडी घातलीस की गं." पण खाल्लं. वाटीभर खाल्लं. दुपारी त्यांची साखर मोजली, छान होती. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच थोडी रडले, डोळे पुसले आणि मग त्याच हाताने संध्याकाळची कणीक मळायला घेतली.

त्याच्या पुढच्या सोमवारी मी अननस घातला. जीवशास्त्राच्या बाईला हे माहीत असायला हवं होतं. ताज्या अननसात दुधाचा फडशा पाडणारं द्रव्य असतं, हे मी दर वर्षी शिकवते. पण शिकवणं वेगळं आणि सोमवारी सकाळी घाईत अननस चिरणं वेगळं. दुपारपर्यंत दूध फाटलं आणि असं कडू झालं की जीभ धुवावी लागली. आधी चव बघायला नवऱ्याला दिलं होतं. त्याने एक चमचा खाल्ला, डोळे मिटले, उठून शेंगाचटणीचा डबा आणला आणि चिमूटभर वर टाकून परत खाल्लं. सोलापूरच्या माणसाला कुठलाही पदार्थ बिघडलेला वाटत नाही, त्यात चटणी कमी आहे असंच वाटतं. या वेळी मात्र चटणीलाही यश आलं नाही.

चौथ्या सोमवारी मला जमलं. आदल्या संध्याकाळी चिया दुधात भिजवला, दोनदा ढवळला, फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी पपईचा गर काढला, पातळ नाही, चमच्यावर उभा राहील असा. कोपऱ्यावर गाडी लावणारे फळवाले चाचा आहेत, त्यांच्याकडून पिकलेली पण कडक पपई निवडून आणली होती. जेऊरला दिलेल्या माझ्या नणंदेची केळीची बाग आहे. तिने फणी पाठवली होती, त्यातलं अर्धंच केळं कुस्करलं. वर आंब्याच्या रसाची बोटभरही नाही अशी रेघ, कारण डॉक्टरांनी तेवढीच मंजूर केली होती. पण मी थर लावायला लागले की पपई चियात बुडायची, चिया केळ्यात उतरायचा, आणि सगळ्याचा मिळून गढूळ लगदा व्हायचा.

आत्या खुर्चीवर बसून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. "सर तिकडं," म्हणाल्या. पळी उपडी करून ग्लासाच्या कडेला टेकवली आणि तिच्या पाठीवरून चिया असा ओघळू दिला, की खालच्या पपईला कळलंसुद्धा नाही. मग केळं, मग परत चिया. ग्लास फिरवून फिरवून कडा पुसली. "घाई न्हाय करायची. खालचा बसला की मग वरचा," म्हणाल्या. फोटोतल्या ग्लासाहून आमचा ग्लास देखणा झाला. फोटो काढून मुलीला पाठवला, तर तिला वाटलं मी तिचाच फोटो तिला परत पाठवला.

त्या दिवसापासून थर लावायचं काम आत्यांनी स्वतःकडे घेतलं. रविवारी संध्याकाळी मी चिया भिजवायची, सोमवारी सकाळी त्या ग्लास भरायच्या. बाकीच्या उपवासांनाही तसंच. आंबे संपले तेव्हा ड्रॅगन फ्रूट आलं. हल्ली आमच्या भागात माळावर ते निवडुंगासारखं लावतात. आत्या त्याला निवडुंगच म्हणायच्या. "आज निवडुंग वर ठेवू, रंग बरा दिसतोय." तीन महिन्यांत त्यांना एकदाही चक्कर आली नाही. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं. मी विनयाने मान खाली घातली. मान खाली घालायला तशी दुसरीही कारणं होती.

भानगड झाली ती जुलैत. जुळे सोलापूर या भागातल्या आमच्या गल्लीत सोमवारी संध्याकाळी आठ-दहा जणी मिळून देवळात जातात. एका सोमवारी आत्यांना उशीर झाला म्हणून दोघी बोलवायला घरात आल्या, तर आत्या टेबलाशी बसून रंगीत ग्लास खात होत्या. झालं. हे काय, कशाचं, उपवासाला कसं? मी ओट्याशी होते. माझ्या हातातलं फडकं तिथेच थांबलं.

आत्या म्हणाल्या, "सब्जाय. चालतोय."

त्या दोघींनी आणखी कोणाला विचारलं नाही. गल्लीत आत्यांहून मोठी बाई नाही. आत्या चालतोय म्हणाल्या म्हणजे चालतोय. पुढच्या सोमवारी चार घरांत सब्जा भिजला. पण तो खराखुरा सब्जा होता. सब्जा पाच मिनिटांत फुगतो आणि तसाच सुटा, बुळबुळीत राहतो. तो बिचारा थर काय धरणार. आमच्या पलीकडच्या घरातली बाई वाटी घेऊन तक्रार करायला आली. "आजी, तुमच्यासारखा घट्टच होत नाही हो. फळं सगळी बुडाली."

मी पुसलेला ओटा परत पुसायला घेतला. आत्यांनी वाटीत बोट घालून बघितलं, जराही न अडखळता म्हणाल्या, "हात लागतोय बाई त्येला." आणि मग, "आमच्या सूनबाईला इचार. ती कुटनं तरी येगळाच सब्जा आणतीया." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते चांगल्या डोळ्याने पाहिलं. मी त्या बाईला वाटीभर चिया देऊन वाटेला लावलं, आणि नीट दोनदा ढवळायला सांगितलं. आठवडाभरात बाकीच्या तिघीही तिच्याकडून ऐकून डबे घेऊन आमच्या दारात. मी चारही घरांना 'वेगळा सब्जा' पुरवू लागले.

तरी माझे डोळे उघडले नाहीत. त्यानंतर एकदा पपई घ्यायला गेले, तर फळवाले चाचा म्हणाले, "मॅडम, आजी परवा आमच्या घरनं चमचाभर सब्जा घेऊन गेल्या. रमजानच्या शरबताचा उरला होता. कशाला म्हणून विचारलं तर बोलल्या, नुसता बघायचाय." मी म्हटलं, असेल काहीतरी. घरी डबाभर असताना ही बाई चमचाभर सब्जा बघायला का नेईल, असा प्रश्न माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही पडला असता.

तो बुधवार होता. कॉलेजातून आले तर ओट्यावर दोन वाट्या मांडलेल्या. दोन्हींत पाणी. आत्या शेजारी खुर्ची घेऊन बसलेल्या.

"बस," म्हणाल्या. "तू शिकवतीस न्हवं बियांचं? आता मी शिकवते."

एका वाटीत त्यांनी चाचांकडून आणलेल्या पुडीतल्या बिया टाकल्या, दुसरीत माझ्या डब्यातल्या. पाच मिनिटं आम्ही दोघी बघत बसलो. पुडीतल्या बिया टपोऱ्या फुगल्या, प्रत्येकीभोवती पांढरं कडं. माझ्या डब्यातल्या तशाच किरट्या, राखाडी, तळाशी बसून राहिलेल्या.

"सांग आता. ह्यातला सब्जा कंचा?"

मी पुडीतल्या बियांच्या वाटीकडे बोट दाखवलं. दुसरं करणार काय.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पयल्याच दिशी की. लगीन व्हायच्या आधीपास्नं फालुदा खातेय मी. एक डोळा अधू हाय, जीभ न्हाय."

"मग खाल्लात कशाला इतके दिवस?"

"तू सब्जा म्हणालीस, मी सब्जा खाल्ला. माझा उपास चोख. खोटं कोण बोललं? तू. पाप कुणाला? तुला." त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा लवलेशही नव्हता. "मी उपाशी पडून मरू नये म्हणून तू बोललीस. मला कळत न्हाय व्हय? म्हणून म्हटलं, बोलू दे पोरीला."

मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. चार महिने मी त्यांना फसवत नव्हते, त्या मला फसवू देत होत्या. मी कान पकडले आणि उठायला लागले, तर त्या म्हणाल्या, "बस. झालं न्हाय अजून."

"पण त्या बाया घरात आल्या," आत्या म्हणाल्या, "अन् मी सब्जाय म्हणाले. तवा मी जाणून बोलले. चार घरच्या बायकांस्नी खोटं सांगितलं, देवळात निघताना सांगितलं. ते पाप तुझं न्हाय, माझं. म्हणून मी उद्यापास्नं गुरुवार धरलाय. पाण्यावर."

"पाण्यावर?"

"सब्जासुदिक न्हाय. प्रायश्चित्त हाय ते, फराळ न्हवं."

मला एकदम तो मार्चमधला सोमवार आठवला, कपाळावरचं रक्त आणि मला न ओळखणारे डोळे. मी ओरडलेच. म्हटलं, पडाल, खुबा मोडेल, डॉक्टरांनी काय सांगितलंय ते विसरलात का. आत्या ऐकून घेत होत्या. मी म्हटलं, "मी आत्ता जाते आणि चारही घरी खरं सांगून येते. तो चिया आहे म्हणून."

"जा की. अन् चौघींचे सोमवार मोडले म्हणून बी सांगून ये. पलीकडचीचा नवसाचा सोमवार हाय, पोरीच्या बाळंतपणासाठी धरलेला. तिला आधी सांग."

मी दारापर्यंत गेले होते, तिथून परत आले. नवऱ्याला फोन करावा असं क्षणभर मनात आलं, पण त्याची भूमिका मला पाठ होती. आत्यांनी वाट्यांतलं पाणी शांतपणे गाळून घेतलं आणि दोन्ही बिया वेगवेगळ्या वाट्यांत काढल्या. पाप त्यांचं असलं तरी मूळ माझं होतं, आणि त्या उपाशी राहणार हे मला सोसवणार नव्हतं. माझी स्वतःची भूक सोसत नाही, हे त्यापुढे लहान निघालं.

"आत्या," मी म्हटलं, "गुरुवार मी धरते. माझ्या खोट्यामुळे झालं ना सगळं. प्रायश्चित्त माझं. तुम्ही जेवायचं."

त्यांनी मान वर केली. "तुला जमंल?"

"जमवीन."

"बघ हां. मी म्हणाले न्हाय तुला."

"नाही म्हणालात."

"पाण्यावर नको धरू. तुला कॉलेजात उभं ऱ्हावं लागतंय. फराळ करून धर." असं म्हणून त्यांनी फ्रिज उघडला. पुढच्याच फळीवर चिया भिजवून ठेवलेला होता, घट्ट झालेला, म्हणजे तो सकाळीच केव्हातरी भिजवलेला. शेजारी चिरलेली पपई, सोललेलं ड्रॅगन फ्रूट आणि एकच ग्लास. मी ग्लासाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्या पंख्याचं बटण शोधण्यात गढून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी जन्मातला पहिला उपवास केला. तिसऱ्या तासाला पचनसंस्था शिकवायची होती, ती मी फार मन लावून शिकवली. दुपारी दीडला घरी आले. आत्या माझ्यासाठी थांबल्या होत्या. माझ्यापुढे चार थरांचा ग्लास ठेवला आणि स्वतःपुढे ताट घेतलं. तव्यावरची ज्वारीची भाकरी, भरली वांगी, वर तेलाचा तवंग, बाजूला कांदा फोडून. वांग्याचा वास घरभर भरला होता. उपवासाला त्या दोनदा वाढून घ्यायच्या, तितक्याच आवडीने त्या आज उपवास नसताना जेवत होत्या. गोळी घेतलेली, पोटभर जेवण, चेहऱ्यावर घाम नाही. मी चमच्याने चिया ढकलत होते आणि त्यांच्या ताटाकडे बघत होते.

"तोंड पाडून बसू नये," आत्या म्हणाल्या. "देव बघतोय."

"किती गुरुवार करायचे हे?" मी विचारलं. "सोळा? अकरा?"

आत्यांनी घास खाली ठेवला. "माझे सोमवार माझ्यासंगं जाणार, म्हणून जिवाला लागून ऱ्हायलं हुतं," त्या म्हणाल्या. "घरात एक तरी दिवस कुणीतरी धरलेला असावा. तू धरलास. आता कसला घोर न्हाय. मी असेतोवर कर."

मी चमचा खाली ठेवला.

"मग पुष्कळ करावे लागतील," मी म्हटलं.

"लागू देत की," आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी दुसरी भाकरी घेतली.